दोन मैत्रिणींमधलं घर

लग्नाच्या पंगतीत शेजारी डॉक्टर बसला की लोक त्याला गुडघा दाखवतात. माझ्या शेजारी बसले की मला सुनावतात. ‘वृंदाताई, रागावू नका हं,’ अशी सुरुवात झाली की मी श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवते, कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. ‘हल्ली सगळं ऑनलाइन असतं. फोटो आपणच काढायचे, जाहिरात आपणच टाकायची, गिऱ्हाईक आपोआप येतं. मग घर विकायला एजंट हवाच कशाला?’ हे विचारणारा गृहस्थ हमखास असा असतो, की बायकोला ‘भाजी खारट झालीय’ हे सांगायला तो मुलाला पाठवतो.

मी लंडनजवळ वॉटफर्डमध्ये इस्टेट एजंट होते. शनिवारी लोकांना घरं दाखवण्याच्या अर्धवेळ नोकरीपासून सुरुवात केली आणि ब्रँच मॅनेजर म्हणून मागच्या वर्षी निवृत्त झाले. मधला प्रवास सांगत बसत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. पण एक सांगते. माझ्या सासूबाई सांगलीत शेवटपर्यंत सगळ्यांना ‘सून बँकेत आहे’ असं सांगत. दलाल म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो पान चघळत दोन्हीकडून खाणारा माणूस. मी पान खात नाही, आणि इंग्लंडात दोन्हीकडून खाता येत नाही.

इथे एजंट विकणाऱ्याचा असतो. त्याची फी विकणारा देतो, आणि आमच्याकडे तरी ती घर विकलं गेलं तरच मिळायची. घेणाऱ्याकडून मला दमडी मिळत नाही, पण घेणाऱ्याशी खोटं बोलायला मात्र कायद्याने बंदी आहे. छत गळतं हे मला ठाऊक असेल, तर ते लपवता येत नाही. आलेली प्रत्येक ऑफर, ती कितीही हास्यास्पद असो, मालकाच्या कानावर घालावीच लागते. कागदपत्रं सॉलिसिटर बघतात. आणि मुख्य गोष्ट अशी, की ऑफर स्वीकारली म्हणजे इथे फक्त बोलणी झाली. अक्षता पडतात त्या ‘एक्स्चेंज’च्या दिवशी, म्हणजे सह्या केलेल्या करारांची दोन्ही सॉलिसिटर अदलाबदल करतात तेव्हा. मधले काही महिने कुणीही, कधीही, कारण न देता पाटावरून उठून जाऊ शकतो. घराला गिऱ्हाईक आणणं फार अवघड नाही. ते मधले महिने सांभाळणं हा माझा खरा धंदा होता, आणि तो मी चांगला केला. हे मी लाजत-बिजत सांगत नाही.

आपल्या लोकांना यातली पहिलीच गोष्ट पटत नाही. पुण्याचं एक तरुण जोडपं होतं, दोघंही सॉफ्टवेअरमधले, बर्मिंगहॅमहून नुकतेच बदलून आलेले. घर बघायला आले आणि मी मराठी आहे हे कळताच दोघांचे चेहरे उजळले. स्वयंपाकघरात येईपर्यंत त्यांनी दम धरला. मग नवरा हळूच म्हणाला, “ताई, आता आपल्यातलं सांगा. त्यांचा शेवटचा आकडा काय?”

“आपल्यातलं सांगायचं तर मी त्यांची आहे,” मी म्हटलं.

“अहो, पण तुम्ही तर आपल्या साइडच्या ना? महाराष्ट्रातल्या?”

“मी सांगलीची. पण हे घर मिस्टर हॅरिस यांचं आहे.”

त्याला राग आला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं, पण तिलाही आला होता. ते घर त्यांनी घेतलं नाही, दुसऱ्या एका एजंटकडून दुसरं घेतलं. काही वर्षांनी ते विकायचं ठरल्यावर दोघं थेट माझ्या ऑफिसात आले. कॉफी पिऊन झाल्यावर नवरा म्हणाला, “ताई, एकच रिक्वेस्ट. आमचा शेवटचा आकडा आपल्यातल्या कुणाला सांगू नका.” मी त्याला जुनी आठवण करून दिली नाही. त्याची त्यालाच झाली असावी, कारण कान लाल झाले होते.

दुसरे आठवतात ते नागपूरचे वानखेडेसाहेब. इंजिनिअर, सज्जन माणूस, घर उत्तम ठेवलेलं. मी त्यांना सांगितलं होतं, की लोक घर बघायला येतील तेव्हा तुम्ही दोघं जरा फिरून या. मालक समोर असला की बघणारा कपाटं उघडत नाही, नळ सोडून बघत नाही, नाक मुरडत नाही. वानखेडेसाहेबांना हे अजिबात मान्य नव्हतं. “घरी माणूस येईन आन् आपण बाहेर निघून जायचं? हे काय जी?” एका रविवारी मला वाहतुकीमुळे पोहोचायला उशीर झाला, आणि मी पोहोचले तेव्हा एक इंग्रज जोडपं डायनिंग टेबलाशी बसून तर्री-पोहे खात होतं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता, बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दोघंही ‘लव्हली, लव्हली’ म्हणत होते. वानखेडेसाहेबांनी मला खूण केली, की घर गेलं समजा.

दुसऱ्या दिवशी मी त्या जोडप्याला फोन केला. बाई म्हणाली, वरच्या खोल्या आम्हाला फारच लहान वाटल्या, पण तो माणूस इतका चांगला आहे, प्लीज त्याला सांगू नका. मी म्हटलं, सांगणं हेच माझं काम आहे. वानखेडेसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “तं मंग पोहे तीनदा काहून घेतले?”

त्यानंतर दर रविवारी नवराबायको मुकाट्याने उद्यानात जाऊन बसायचे, आणि घर थोड्याच दिवसांत विकलं गेलं. सांगायचा मुद्दा असा, की भीड फक्त मराठी माणसालाच असते असं नाही. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला ‘तुझ्या खोल्या लहान आहेत’ असं कुठल्याच देशातला भला माणूस सांगू शकत नाही. फक्त भीड भिकेची बहीण म्हणतात ते आपल्याकडे, आणि तरी भिडेच्या पायी सगळ्यात जास्त नुकसान करून घेतो तेही आपणच. शैलाताई आणि मंदाताईंची गोष्ट मी त्यासाठीच सांगते आहे. दोघींना विचारून सांगते आहे. नावं तेवढी बदलली आहेत.

दोघीही माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. दोघींचे नवरे डॉक्टर, दोघी एकाच सुमारास इथे आल्या. एकीचं बाळंतपण दुसरीने केलं, दुसरीच्या मुलाला पहिलीने शाळेतून आणलं. वॉटफर्डच्या आमच्या मंडळात कुणी नवीन आलं की त्यांना या दोघी सख्ख्या बहिणीच वाटायच्या. शैलाताईंचे यजमान, आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो, ते जाऊन काही वर्षं झाली होती. शैलाताई एकट्याच त्या घरात राहत होत्या. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि गाडी चालवणं बंद झालं होतं. मुलगी केतकी साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात डॉक्टर. तिने स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तळमजल्याचा एक छान फ्लॅट आईसाठी हेरला. आणि त्याच वेळी मंदाताईंचा मुलगा निखिल वॉटफर्डमध्ये घर शोधत होता. योग जुळून आला असं मंडळात सगळ्यांचं मत पडलं. शैलाताईंचं घर निखिलने घ्यायचं, त्या पैशातून त्यांनी साउथहॅम्प्टनचा फ्लॅट घ्यायचा. एजंटचा प्रश्नच नव्हता. “घरातल्या घरात आहे गं,” मंदाताई मला म्हणाल्या, “तुला कशाला त्रास?”

किंमत ठरली ती चहाच्या टेबलावर. पुढे दोघींकडून मला ऐकायला मिळालं त्यावरून प्रसंग साधारण असा झाला. मंदाताई म्हणाल्या, तू म्हणशील ते. शैलाताई म्हणाल्या, छे, तू म्हणशील ते. शेवटी शेजारचं घर केवढ्याला गेलं ते निखिलने फोनवर बघितलं. शैलाताई लगेच म्हणाल्या, “एवढे नकोत. निखिल काय परका आहे? कमी कर.” मंदाताई म्हणाल्या, “अजिबात नाही. तू एकटी आहेस, तुला लागतील. उलट थोडे जास्तच घे.” विकणारी किंमत उतरवते आहे आणि घेणारी चढवते आहे, अशी घासाघीस मी उभ्या आयुष्यात दुसरी ऐकली नाही. मधला कुठलातरी आकडा ठरला. दोघी आनंदाने एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि घरी गेल्यावर दोघींना तो आकडा टोचू लागला. केतकी आईला म्हणाली, तू फुकट देतेयस घर. निखिलची बायको निखिलला म्हणाली, आपण जास्त देतोय का? यातलं एक अक्षर कुणी कुणाला बोललं नाही.

मग निखिलने सर्व्हे करून घेतला. इथे घर घेण्याआधी सर्व्हेअर येऊन घराची नाडी बघून जातो. त्याने दोन गोष्टी काढल्या. एक, छप्पर थकलं आहे, लवकरच बदलावं लागेल. दोन, मागच्या अंगणाकडे डॉक्टरकाकांनी जी मोठी खोली वाढवून घेतली होती, तिला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेटच नाही. काकांनी एक बिल्डर धरून, स्वतः उभं राहून ती बांधून घेतली होती. आमच्या मंडळाचा गणपती पहिली काही वर्षं त्याच खोलीत बसला.

निखिल हे शैलामावशीला सांगेना. त्याच्या सॉलिसिटरकडून शैलाताईंच्या सॉलिसिटरला काही जाईना. आठवडे गेले. शैलाताईंनी त्या शांततेचा अर्थ असा लावला, की यांचं मन फिरलंय आणि तोंडावर सांगायचं धैर्य नाही. मंदाताईंना मुलाने ‘मावशीच्या घराचं जरा बघावं लागेल’ इतकंच सांगितलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ लावला, की शैलाने आपल्यापासून काहीतरी लपवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दोघींना हॉलच्या दोन टोकांना बसलेलं पाहिलं. बर्मिंगहॅममध्ये माझ्या ओळखीचे दोन भाऊ आहेत, त्यांनी असाच आपसात घराचा व्यवहार केला. आता लग्नकार्यात एक आला की दुसरा न जेवता निघून जातो.

दोघींचे मला वेगवेगळे फोन आले. दोघींनी मन मोकळं केलं आणि शेवटी दोघी म्हणाल्या, “तिला सांगू नकोस हं.” शैलाताई तर रडल्या. साउथहॅम्प्टनच्या फ्लॅटचा मालक आता थांबायला तयार नव्हता. महिनाअखेरपर्यंत एक्स्चेंज झालं नाही तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणार होता. “फ्लॅट गेला तर जाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “नाही जाणार मी केतकीकडे, राहीन इथेच. पण मंदा माझ्याशी अशी वागली, ते कसं विसरू? अजून थोडे दिवस बघते. मग नाही म्हणून कळवते आणि तिचं तोंड बघत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शैलाताईंकडे गेले ती ऑफिसचा बॅज लावून. टेबलावर करार ठेवला. आजपासून हे घर विकायचं काम माझं.

“फी घेणार आहेस माझ्याकडून?” त्या म्हणाल्या.

“हो. सगळ्यांकडून घेते तेवढीच.”

त्यांना ते लागलं, आणि लागणारच होतं. पण फी घेतली नसती तर मीही मैत्रीण झाले असते, आणि मैत्रिणी तिथे आधीच दोन होत्या. त्यांनी सही केली. मग मी अट सांगितली. मंदाताईंशी रोज बोला, भाजीचं बोला, नातवंडांचं बोला, दुखण्याखुपण्याचं बोला. घराचा शब्द काढायचा नाही. घराचं जे काही असेल ते मला सांगायचं. तीच अट मी मंदाताईंना जाऊन सांगितली. “म्हणजे आमच्या दोघींच्या मध्ये तू?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, मध्ये मीच.

संध्याकाळी निखिलला ऑफिसात बोलावलं. त्याला आधीच सांगितलं, की मी शैलामावशीची एजंट आहे, तुझं हित बघायला तुझी सॉलिसिटर आहे, पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आता बोल. आणि मावशीच्या दिवाणखान्यात जे त्याच्या तोंडातून आठवडेच्या आठवडे निघालं नव्हतं, ते ऑफिसच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या भडाभडा बाहेर आलं.

“रूफ गेलेली आहे, वृंदामावशी. आणि तो मागचा खोली, काकांनी बांधलेला, त्याला सर्टिफिकेटच नाही. माझी सॉलिसिटर म्हणते, यू कान्ट इग्नोर इट.”

“मग मावशीला सांगितलं का नाहीस?”

“कसा सांगणार? काकांनी मला त्या रूममध्ये मॅथ्स शिकवला. मी काय सांगू, की तुझ्या नवऱ्यानं रूम चुकीची बांधला?” त्याने लॅपटॉप उघडला. “बट इट्स ओके. मी कौन्सिलला ईमेल लिहिला आहे. ते इन्स्पेक्टर पाठवतील, तो मावशीला सांगेल. मग मला नाही सांगायला लागणार.”

ईमेल लिहून तयार होता. फक्त पाठवायचा राहिला होता. “आधी तो लॅपटॉप बंद कर,” मी म्हटलं.

वाचकांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. जुन्या बांधकामाला सर्टिफिकेट नसणं ही इंग्लंडात नेहमीची गोष्ट आहे. त्यावर साधा उपाय असतो. विकणाऱ्याने एक छोटा विमा काढून द्यायचा. उद्या कौन्सिलने त्या बांधकामावर बोट ठेवलं तर खर्च विमा कंपनी भरते. पण त्या विम्याची एक अट असते, की कौन्सिलला कुणी या बाबतीत विचारलेलं नसावं. एकदा का तुम्ही पत्र लिहिलंत, ईमेल टाकलात, की कंपनी सहसा हात वर करते. मग इन्स्पेक्टर येणार, भिंत फोडून बघणार, महिने जाणार, आणि साउथहॅम्प्टनचा फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होणार. एका भल्या मुलाच्या भिडेपोटी हे सगळं होणार होतं. मी त्याला म्हटलं, माझं ऐकू नकोस, मी पलीकडची आहे. तुझ्या सॉलिसिटरला आत्ता फोन कर आणि विचार. त्याने माझ्यासमोर केला. तिने अगदी तेच सांगितलं, आणि विमा हा फक्त कौन्सिलपुरता असतो, खोली पक्की आहे का ते सर्व्हेअरकडून नीट समजून घे, हेही सांगितलं. खोली पक्की होती, ते सर्व्हेअरने लिहिलंच होतं. निखिलने तो ईमेल पुसून टाकला आणि माझ्याकडचं बिस्कीट खाल्लं. लहानपणी भांडण मिटलं की तो असाच खायचा.

शैलाताईंना सांगायचं राहिलं होतं. त्या त्याच खोलीत बसल्या होत्या. मी छपराचं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. सर्टिफिकेटचं सांगितलं आणि त्या ताठ झाल्या.

“हे मंदाने शिकवलं तुला?”

“नाही. निखिलनेही नाही. सर्व्हेअरने लिहिलंय आणि मी सांगते आहे.”

“त्यांनी स्वतः उभं राहून बांधलीय ही खोली. त्यांच्या हातचा चहा प्यायली आहेस तू इथे बसून.”

“प्यायले आहे. चहा चांगला होता. सर्टिफिकेट घ्यायचं राहिलं.”

त्या मला ‘जा’ म्हणाल्या. असं त्या आयुष्यात कुणाला म्हणाल्या नसतील. मी उठले, दार ओढून घेतलं आणि बाहेर कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहिले. आमच्या धंद्यात नव्या पोरांना मी एक गोष्ट शिकवायची, की गिऱ्हाइकाने हाकललं तर घराबाहेर जा, गाडीत बसू नका. गाडी सुरू केलीत की भांडण पक्कं होतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. “आत ये. गारठशील,” शैलाताई म्हणाल्या. डोळे पुसलेले होते. “मला माहीत होतं ते सर्टिफिकेटचं. ते नेहमी म्हणायचे, घेऊ, घेऊ. मंदाला कसं सांगणार होते मी? या खोलीचं सगळ्यात जास्त कौतुक तिनेच केलं होतं.”

मग आम्ही कामाचं बोललो. विमा त्यांनी काढायचा. छपराचा खर्च निखिलने सगळा मागितला होता, त्यांना काहीच द्यायचा नव्हता. दोन दिवस माझ्या फोनच्या फेऱ्या झाल्या आणि निम्म्यावर आलं. शैलाताई मला म्हणाल्या, “मंदाला सांग, की मी मुद्दाम नाही लपवलं.” मी म्हटलं, “मी नाही सांगणार. छप्पर माझ्याकडे. ते तुमचं तुम्हीच सांगा, पण एक्स्चेंज झाल्यावर. आज त्यांना फोन करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरोबर ये म्हणावं.” त्या दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरोबर गेल्या. बसमध्ये काय बोलल्या ते मला माहीत नाही.

साउथहॅम्प्टनला त्या फ्लॅटची जी एजंट होती, तिला मी रोज सकाळी फोन करत होते. आज काय झालं, उद्या काय होणार, सगळं खरं खरं. एजंटचा एजंटवर विश्वास बसला की तो मालकाला थोपवतो. तिने तिच्या मालकाला महिनाअखेरच्या पुढेही चार दिवस धरून ठेवलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिचे उपकार मी मानते.

एक्स्चेंजच्या दिवशी सकाळी मंदाताई माझ्या ऑफिसात आल्या. हातात डबा. “मी इथेच बसते. सॉलिसिटरचा फोन आला की मला पण दे, मी शैलाशी बोलते.” मी म्हटलं, “मंदाताई, बाहेर बसा.” मी त्यांच्या घरी पहिल्यांदा पुरणपोळी शिकलेली. पण त्या क्षणी त्या शैलाताईंशी घराचं एक वाक्य बोलल्या असत्या, तर ‘जाऊ दे गं, छपराचं राहू दे’ आणि ‘नको गं, घे’ हे पुन्हा सुरू झालं असतं. त्या बाहेर बसल्या. दुपारी दोन्ही सॉलिसिटरचे फोन आले. वॉटफर्ड आणि साउथहॅम्प्टन, दोन्ही घरांचं एका तासात उरकलं. मी शैलाताईंना फोन करून म्हटलं, “झालं.” त्या “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाहेर येऊन मंदाताईंना सांगितलं, तर त्या डबा घेऊन तशाच निघून गेल्या. डब्यात काय होतं ते मला कळलंच नाही.

या धंद्यात हीच एक खंत. किल्ली हातात पडली की एजंटला कुणी विचारत नाही. इतकी घरं दिली, पण त्यांतल्या फार थोड्या घरांत पुन्हा गेले. कुठल्या खिडकीत कुंडी आली, कुठल्या खोलीत पाळणा आला, ते रस्त्यावरून जाता-येता जेवढं दिसलं तेवढंच.

निखिलने मात्र वास्तुशांतीला बोलावलं. शैलाताई येणार आहेत हे कळल्यावर मला जरा धाकधूक होती, कारण त्यानंतर दोघींपैकी एकीनेही मला फोन केला नव्हता. मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. दार उघडंच होतं. पूजा मागच्या खोलीत चालू होती, आणि स्वयंपाकघराच्या अर्धवट लोटलेल्या दाराआडून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता. आत दोघीच होत्या.

“मला म्हणाली, बाहेर बसा,” मंदाताईंचा आवाज. “मला गं. जिला पोळी लाटायला मी शिकवलं.”

“तुला निदान बसायला तरी सांगितलं. मला तोंडावर म्हणाली, चहा चांगला होता, सर्टिफिकेट राहिलं.”

“अगं बाई. असं म्हणाली?”

“असंच्या असं. आणि फी घेतली ती वेगळीच.”

“घेतली? मला वाटलं तुझ्याकडून तरी नाही घेणार. पूर्वी अशी नव्हती गं ती.”

“धंदा आला की माणूस बदलतं.”

“ढवळ नीट, खाली लागेल,” मंदाताई म्हणाल्या. “दे, मी ढवळते. तुला दिसतंय कुठे?”

“दिसतंय. वास येतोय ना, तेवढ्यावर कळतं मला. आणि तो बॅज बघितलास? आपल्या घरी येताना बॅज.”

“बॅज,” मंदाताई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या, की एकीला ठसका लागला आणि दुसरी तिच्या पाठीवर थोपटत राहिली.

मी दारात उभी होते. मला खूप बरं वाटलं, आणि ते मी इथे लिहून ठेवते, कारण एवढ्या वर्षांत कुठल्या बॉसने किंवा कुठल्या बक्षिसाने इतकं बरं वाटलं नव्हतं. आत जाऊन पेढे द्यायला हवे होते. पण मी गेले असते तर त्या गप्प झाल्या असत्या. मी पुडा मांडीवर घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. माझ्याबद्दल त्यांचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.